एका रेपोत नांदताना : प्रस्तावना

भावाभावांत वावराची वाटणी होते तेव्हा जमिनीचे तुकडे पडतात, मध्ये धुरे येतात, पण विहीर कापता येत नाही. ती सामायिक राहते. सातबाऱ्यावर इतर हक्कांत तिच्यातल्या हिश्शाची नोंद होते, पाण्याच्या पाळ्या ठरतात आणि काही वर्षं सगळं सुरळीत चालतं. प्रश्न उभा राहतो तो मोटार जळाल्यावर. दुरुस्तीचा खर्च कुणाचा? ज्याच्या पाळीत जळाली त्याचा, की सगळ्यांचा? आणि थोरल्याने जास्त ताकदीची नवी मोटार बसवली, तर धाकट्याच्या वावरातली जुनी पाइपलाइन तो दाब सोसेल का, हे आधी कुणी पाहायचं?

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे या गावात राहून मी वेबची कामं करतो, आणि हाच प्रश्न माझ्यासमोर वावरापेक्षा संगणकावर जास्त वेळा आला. या पुस्तकाचा विषयही तोच आहे. एका धंद्याची तीन-चार वेबॲप्लिकेशन्स असतात. त्यांची बटणं, लॉगिन, तारखा आणि रकमा दाखवायची पद्धत, नोंदी तपासायचे नियम हे सगळं सारखंच असतं. हा सारखा भाग ठेवायचा कुठे? प्रत्येक ॲपचा गिट रेपो वेगळा ठेवून सामायिक भाग पॅकेज म्हणून बाहेर काढायचा, की सगळं एकाच रेपोत नांदवायचं? दुसऱ्या पद्धतीला मोनोरेपो म्हणतात. ती निभावण्यासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत साधनांची मोठी रांग उभी राहिली. त्यांची ओळख आणि तुलना पुढच्या प्रकरणांत आहे.

या विषयाकडे मी पुस्तकं वाचून आलो नाही, एका चुकीमुळे आलो. माझ्याकडे तीन ॲप होती. एक वजनकाट्यावरची पावती करणारं, दुसरं हिशेबाचं, तिसरं शेतकऱ्याला मोबाइलवर आपल्या मालाचे पैसे दाखवणारं. रक्कम लिहून दाखवणारं एक छोटं पॅकेज तिघांत सामायिक होतं. तिसऱ्या ॲपमध्ये आकडे मराठीत दिसावेत म्हणून मी त्या पॅकेजात भाषेचा संकेत ‘एमआर-आयएन’ असा बदलला. जावास्क्रिप्टला हा संकेत दिला की १,२५,४५० अशी रक्कम देवनागरी अंकांत आणि लाखाच्या स्वल्पविरामांसह येते. पाहून आनंद झाला. पण हिशेबाच्या ॲपमध्ये एका कोपऱ्यात याच लिहिलेल्या रकमेतून स्वल्पविराम काढून तिची पुन्हा संख्या बनवणारी एक ओळ होती. देवनागरी अंकांची संख्या जावास्क्रिप्ट बनवत नाही. ‘ही संख्या नाही’ एवढंच उत्तर देतं. तीन रेपो वेगळे असल्यामुळे हे त्या दिवशी कळलं नाही. हिशेबाच्या ॲपने ते पॅकेज महिनाभराने, दुसऱ्याच कारणासाठी, नव्या आवृत्तीवर नेलं तेव्हा बेरजा मोडल्या. तोवर मी कोणता बदल का केला होता, हे मलाच आठवत नव्हतं.

तीनही ॲप एका रेपोत असती तर ही चूक टळली असती का? आपोआप टळली नसती. दोन्ही बाजूंना अक्षरांची ओळच (स्ट्रिंग) होती, त्यामुळे टाइपस्क्रिप्टने काहीच तक्रार केली नसती. फरक एवढाच पडला असता, की पॅकेजातल्या बदलाबरोबर हिशेबाच्या ॲपच्या चाचण्याही त्याच क्षणी चालल्या असत्या. बेरजेची एक चाचणी लिहिलेली असती, तर बदल करणाऱ्यालाच, बदल डोक्यात ताजा असताना, मोडतोड दिसली असती. चाचणीच नसती, तर मोनोरेपोनेही मला वाचवलं नसतं. हा भेद सुरुवातीलाच मनात पक्का असू द्या. या क्षेत्रातले बरेच वाद तो विसरल्यामुळे होतात.

माझं म्हणणं असं आहे, की साधनांची तुलना वेगावरून करू नये. कोणतं साधन किती सेकंदांत बिल्ड करतं याचे तक्ते सगळीकडे मिळतात आणि पुढच्या आवृत्तीला ते शिळे होतात. खरी कसोटी एकच आहे: सामायिक गोष्ट बदलली की बाकीच्यांची दुरुस्ती कुणाच्या गळ्यात पडते, आणि ती कधी पडते? वेगळ्या रेपोंत ती वापरणाऱ्याच्या गळ्यात पडते, उशिरा. एका रेपोत ती बदलणाऱ्याच्या गळ्यात पडते, लगेच. प्रत्येक साधन हा भार कुणाकडे आणि किती सरकवतं, यावर त्याची पारख व्हावी. विहिरीचा दाखला मात्र एका जागी थांबतो. विहिरीची नक्कल करता येत नाही, कोडची फुकट करता येते. म्हणून वेगळ्या रेपोंत राहणारे लोक दुरुस्तीचा वाद मिटवण्याऐवजी सामायिक फाइलीची नक्कल आपापल्या घरी ठेवतात. वाद संपतो, आणि एकच चूक चार ठिकाणी दुरुस्त करायचं काम सुरू होतं.

मोनोरेपोची बाजू मांडताना गूगलचं उदाहरण हमखास येतं. रेचल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग यांचा २०१६ साली एसीएमच्या मासिकात आलेला लेख या विषयातला बहुधा सर्वांत जास्त सांगितला जाणारा लेख आहे. त्यातले आकडे दिपवणारे आहेत: एका रेपोत सुमारे २ अब्ज ओळी, ९० लाख सोर्स फाइली, ८६ टेराबाइट माहिती, २५ हजारांवर माणसं. पण तो लेख पूर्ण वाचा. त्या रेपोसाठी गूगलने पायपर नावाची स्वतःची व्यवस्था बांधली. सगळा रेपो उतरवून न घेता काम करता यावं म्हणून वेगळं साधन बांधलं, बिल्डची साधनंही स्वतःची बांधली. हा खर्च लेखक लपवत नाहीत. आपण मात्र लेखातून ‘एक रेपो’ एवढंच उचलतो आणि त्याखालचा पाया तिथेच सोडून येतो.

वेबच्या जगात ही गरज वेगळ्या वाटेने आली. बेबल हा प्रकल्प २०१५ साली अनेक छोट्या पॅकेजांत विभागला गेला. प्रत्येकाचा रेपो वेगळा ठेवला असता तर एका सुधारणेसाठी डझनभर ठिकाणी पुल रिक्वेस्ट करावी लागली असती. त्या गरजेतून लर्ना हे साधन जन्मलं. पॅकेजं एकाच रेपोत, प्रकाशन मात्र वेगवेगळं. पुढे पॅकेजांना आपसांत जोडायचं काम पॅकेज मॅनेजरांनीच उचललं. वर्कस्पेस नावाने ही सोय यार्नमध्ये २०१७ साली आली, एनपीएमच्या सातव्या आवृत्तीत २०२० साली. लर्नाचं निम्मं काम तिथेच संपलं. २०२२ च्या वसंतात लर्नाची देखभाल थांबल्यासारखी झाली होती, तेव्हा एनएक्स हे दुसरं साधन बनवणाऱ्या कंपनीने ती जबाबदारी घेतली. आज लर्ना आतून एनएक्सच्याच आधारावर काम करतं. जुन्या लेखांत ‘लर्ना की एनएक्स’ असा सामना दिसला, तर लेखाची तारीख आधी पाहा.

उलट्या बाजूचं, म्हणजे अनेक रेपो जाणूनबुजून ठेवण्याचं, सर्वांत शिकवणारं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. रुशभ मेहता यांनी सुरू केलेल्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आज अनेक देशांत वापरलं जातं. त्याच्या खालचा फ्रॅपे फ्रेमवर्क एका रेपोत आहे, ईआरपीनेक्स्ट दुसऱ्या. एके काळी पगार आणि मनुष्यबळ, दवाखाना, शिक्षणसंस्था, शेती हे सगळे विभाग ईआरपीनेक्स्टच्याच रेपोत होते. २०२२ साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीत ते बाहेर काढून स्वतंत्र ॲप केले गेले. म्हणजे मोठं खटलं समजून-उमजून वेगळं झालं. ज्याला पगारपत्रक हवं त्याने ते ॲप घ्यावं, ज्याला नको त्याने त्याचं ओझं वाहू नये, हा हिशेब मला पटतो.

पण वेगळं झाल्यावरही चूल लावावीच लागते. ते काम ‘बेंच’ नावाचं साधन करतं. एका फोल्डरात सगळी ॲप शेजारी-शेजारी उतरवायची, सगळ्यांची नवी आवृत्ती ओढायची, पडद्यावरचा भाग बिल्ड करायचा, डेटाबेसचे बदल लागू करायचे, हे सगळं त्याच्या आज्ञांनी होतं. फ्रेमवर्क आणि ईआरपीनेक्स्ट यांनी एकमेकांशी जुळावं म्हणून ब्रांचची नावं सारखी ठेवली जातात: ‘व्हर्जन-१४’ सोबत ‘व्हर्जन-१४’, ‘व्हर्जन-१५’ सोबत ‘व्हर्जन-१५’. पगाराचं ॲप आपल्याला ईआरपीनेक्स्ट लागतं हे स्वतःच्या फाइलीत लिहून ठेवतं. नीट पाहिलं तर मोनोरेपोत जे एका कमिटमुळे मिळतं, ते इथे नावांच्या संकेताने मिळवलं आहे. कमिट मोडता येत नाही, संकेत पाळावा लागतो. दोन्हींत शिस्त आहे, पण एकीकडे ती यंत्राकडे आहे आणि दुसरीकडे माणसाकडे. या उदाहरणाला मी पुस्तकात पूर्ण प्रकरण दिलं आहे, कारण मोनोरेपो न करण्याचा निर्णय विचारपूर्वक कसा घेता येतो हे त्यातून दिसतं.

आता साधनांकडे. पहिला थर पॅकेज मॅनेजरचा. नवशिक्याने इथे घाई करू नये, कारण पुढचे बरेच त्रास याच थरातून उगवतात. एनपीएम सगळी पॅकेजं एका सपाट फोल्डरात पसरतं. त्यामुळे तुम्ही कधीही मागितलं नव्हतं, पण तुमच्या एखाद्या पॅकेजाने मागितलं होतं, असं पॅकेजही तुमच्या कोडला सहज सापडतं. कोड चालतो. मग ते मधलं पॅकेज एक दिवस आपली गरज बदलतं आणि तुमचा कोड काहीही न करता मोडतो. याला फँटम डिपेंडन्सी म्हणतात. मोनोरेपोत हा धोका वाढतो, कारण शेजारच्या ॲपने मागितलेली पॅकेजंही मुळाशी येऊन बसतात. पीएनपीएम हे दार बंद करतं. ते प्रत्येक पॅकेजाला त्याने लेखी मागितलेलंच दाखवतं. शिवाय प्रत्येक आवृत्ती डिस्कवर एकदाच ठेवून बाकी ठिकाणी दुवे देतं. ज्या गावात इंटरनेट दिवसातून चार वेळा जातं तिथे याची किंमत वेगळी असते. एकदा उतरवलेलं पुन्हा उतरवावं लागत नाही, आणि इंटरनेट गेलेलं असतानाही त्याच पॅकेजांवर नवं ॲप उभं करता येतं. मोठ्या शहरातल्या लेखकांच्या तुलनेत हा मुद्दा शेवटी येतो. माझ्या तुलनेत तो पहिला आहे.

दुसरा थर कामं चालवणाऱ्या साधनांचा: टर्बोरेपो, एनएक्स, रश, बॅझेल. चौघांच्या गाभ्यात एक सामायिक कल्पना आहे आणि ती समजली की अर्धं पुस्तक वाचल्यासारखं आहे. कोणत्याही कामाआधी साधन त्या कामात जाणाऱ्या सगळ्या गोष्टींचा, म्हणजे फाइली, पॅकेजांच्या आवृत्त्या, सेटिंग यांचा, एक ठसा काढतं. तोच ठसा आधी पाहिलेला असेल तर काम पुन्हा करत नाही, साठवलेलं उत्तर देतं. यालाच कॅश म्हणतात. त्यामुळे दहा मिनिटांचं बिल्ड काही सेकंदांवर येतं. पण ठशात जी गोष्ट धरलीच नाही, ती बदलली तरी साधनाला कळत नाही. मी स्वतः हे भोगलं आहे. सर्व्हरचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये होता आणि तो व्हेरिएबल टर्बोरेपोच्या फाइलीत मी नोंदवला नव्हता. पत्ता बदलला, फाइल एकही बदलली नाही, ठसा तोच राहिला. कॅशने जुन्या पत्त्याचं बिल्ड मुकाट्याने हाती दिलं आणि मी ते लोकांसमोर ठेवलं. दोष माझ्या नोंदीचा होता. टर्बोरेपोच्या दुसऱ्या आवृत्तीपासून (२०२४) कडक पद्धत मूळचीच केली आहे. न नोंदवलेला व्हेरिएबल कामाला दिसतच नाही, म्हणून चूक लगेच उघडी पडते. चुकीचं उत्तर झटकन देणाऱ्यापेक्षा अडून बसणारं साधन मला केव्हाही जवळचं.

टर्बोरेपो आणि एनएक्स यांच्यातला खरा फरक पाहण्याच्या बारकाईत आहे. टर्बोरेपो जॅरेड पामर यांनी लिहिलं आणि २०२१ च्या डिसेंबरात ते व्हर्सेलकडे गेलं. ते पॅकेज हे एकक धरतं: कोणतं पॅकेज कोणाला मागतं, ते पॅकेज-जेसन फाइलींतून वाचतं. त्याची सेटिंगची फाइल छोटी, शिकायला एक दुपार पुरते. एनएक्स हे जेफ क्रॉस आणि व्हिक्टर सॅव्हकिन यांच्या कंपनीचं. ते कोडच्या आत शिरून कोणती फाइल कुणाला आयात करते हेही वाचतं आणि त्यावरून नातेसंबंधांचा आलेख काढतं. त्यामुळे ‘या बदलाची झळ कुणाकुणाला’ या प्रश्नाला ते जास्त नेमकं उत्तर देऊ शकतं, आणि आलेखावर कुंपणही घालू शकतं: हिशेबाच्या भागाने काट्याच्या भागातलं काही थेट उचलायचं नाही, असा नियम तिथे लिहिता येतो आणि मोडला की तपासणी अडते. मोठ्या संघात हे कुंपण वेगापेक्षा मोलाचं असतं. त्याबदल्यात एनएक्सची स्वतःची भाषा, प्लगइन आणि सवयी अंगवळणी पाडाव्या लागतात. दोन-तीन माणसांच्या कामाला मी टर्बोरेपो सुचवतो. वीस माणसं एका रेपोत येणार असतील तर एनएक्सचा आलेख पहिल्या दिवसापासून हवा.

एक बारीक पण नेहमी नडणारी गोष्ट. झळ कुणाला लागली हे ठरवायला साधन आताच्या कमिटची मुख्य ब्रांचशी तुलना करतं. तपासणीच्या सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी वेळ वाचवायला शेवटचं एकच कमिट उतरवलेलं असतं. मागचा इतिहासच नसेल तर तुलना कशाशी करायची? मग एक तर सगळंच चालतं, नाही तर काम अडतं. नवं साधन ‘चालत नाही’ म्हणून सोडून देण्याआधी हे तपासा.

मायक्रोसॉफ्टमधून आलेलं रश हे शिस्तीचं साधन आहे. प्रकाशित होणाऱ्या पॅकेजात बदल केला की काय बदललं याची नोंद लिहिल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. पॅकेजं बाहेरच्यांना देणाऱ्या मोठ्या संघासाठी ते योग्य. बॅझेल गूगलने २०१५ साली खुलं केलं. प्रत्येक कामात काय जाणार आणि काय निघणार हे लिहून द्यावं लागतं आणि काम बंद खोलीत चालतं, न सांगितलेलं काही दिसत नाही. कॅशच्या सचोटीचा तो सर्वांत वरचा आदर्श आहे. पण निव्वळ वेबच्या छोट्या कामाला त्याची देखभाल झेपत नाही, म्हणून पुस्तकात त्याला एकच प्रकरण आहे.

रेपो मोठा झाला तर उतरवायचा कसा, ही खेड्यात बसून काम करणाऱ्याची शंका रास्त आहे. विंडोजचा सगळा कोड गिटमध्ये आणताना मायक्रोसॉफ्टसमोर सुमारे ३०० जीबीचा, ३५ लाख फाइलींचा रेपो होता. त्यांनी त्यासाठी वेगळी फाइल-व्यवस्था बांधून २०१७ साली जाहीर केली, आणि पुढे त्या कामातून आलेल्या अनेक सुधारणा मूळ गिटमध्ये गेल्या. आज पार्शल क्लोन आणि स्पार्स-चेकआउट या दोन सोयींनी मी मोठ्या रेपोतला माझ्या कामाचा फोल्डर तेवढा उतरवतो, बाकीचं लागेल तेव्हा येतं.

सुरक्षेचा विषय मी मुद्दाम स्वतंत्र प्रकरणात घेतला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एनएक्सच्या काही आवृत्त्यांत एनपीएमवर घातक कोड घुसवला गेला आणि त्या उतरवून घेणाऱ्यांच्या संगणकांवरून टोकनसारखी गुप्त माहिती चोरली गेली. सगळी घरं एका वाड्यात आली की दाराची कडीही एकच होते. लॉकफाइल जपणं, नवी आवृत्ती आली त्याच दिवशी न घेणं, पॅकेज उतरताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टांना परवानगी न देणं, या सवयी तिथे सविस्तर आल्या आहेत.

पहिल्या प्रकरणाला बसताना तुमच्या संगणकावर नोड आणि पीएनपीएम एवढंच असू द्या. टर्बोरेपो, एनएक्स काहीही बसवू नका. तुमचीच दोन जुनी ॲप घ्या आणि दोन्हींत नक्कल करून ठेवलेली एक फाइल शोधा. तारीख किंवा रक्कम दाखवणारी एखादी सापडेलच. दोन नकला शेजारी उघडून त्यांच्यात किती ओळींचा फरक पडला आहे ते मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. पहिलं प्रकरण त्या आकड्यापासून सुरू होतं.

धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा